बाबांचा ५० इंची प्लाझ्मा: दुरुस्त करू की भंगारात देऊ?

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या नाशिकच्या घरी ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आहे. २०११ च्या विश्वचषकाच्या पंधरा दिवस आधी घेतलेला. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून केलेली एकमेव चैन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच धाग्याचं वळण बदलेल. परवा रात्री बातम्या चालू असताना पडदा एकदम काळा झाला आणि खालचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बंद करून परत चालू केला की आत 'टक्' होतं, दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, मग परत 'टक्' आणि दिवा पुन्हा लुकलुकतो. आई म्हणते, त्याला उचकी लागली आहे.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पार्ट येत नाहीत म्हणाले. दुकानदार म्हणतो प्लाझ्मा मेला, दीड हजार धरतो, ५५ इंची फोर-के घ्या. घेणारही होतो. पण बाबा हटून बसलेत. भावाकडे नवा एलईडी आहे, तिथे मॅच बघून आले की दर वेळी एकच वाक्य: "चेंडूला शेपूट आहे त्याच्या टीव्हीत." इतके दिवस मी वयाचा परिणाम म्हणून सोडून देत होतो. आता मात्र खरंच विचारतो, प्लाझ्माचं चित्र उजवं होतं की ही नुसती माया आहे? आणि चौदा वर्षांचा सेट, रोजचे सहा तास धरले तरी तीस हजार तास झाले. यात अजून किती जीव उरला असेल?

सरळमार्गी

चौदा वर्षं चालला, पैसे वसूल झाले. म्हाताऱ्या बैलाला किती दिवस पेंड घालणार? दीड हजार घ्या आणि मोकळे व्हा. त्यात स्मार्ट नाही, वायफाय नाही, वजन तीस किलोच्या वर. आमचा होता तेव्हा उन्हाळ्यात त्याच्यासमोर बसवत नव्हतं.

काळाकुट्ट

सरळमार्गी, दिवे घालवून प्लाझ्मावर रात्रीचं दृश्य पाहिलंय कधी? पाहिलं असतंत तर बैल म्हणाला नसतात. :)

तळ्यातमळ्यात, तुमच्या बाबांचे डोळे शाबूत आहेत. शेपूट दिसते ती खरी आहे. एलसीडी, म्हणजे ज्याला दुकानात एलईडी म्हणतात तो, एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत तेच धरून ठेवतो. आपली नजर मात्र चेंडूमागे सरकत असते. नजर पुढे गेली आणि चित्र जागीच राहिलं की चेंडू डोळ्यात फराटल्यासारखा दिसतो. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत व्हायचं तसंच. म्हणून ट्यूबवर चाळीस वर्षं क्रिकेट पाहिलेल्या माणसाला प्लाझ्मा घरचा वाटतो आणि एलसीडी पाहुणा. गंमत म्हणजे महागड्या ओलेडचाही काळा रंग अप्रतिम असतो, पण चित्र धरून ठेवायची खोड त्यालाही आहेच. सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करायची सोय असते, ती लावली की प्रत्येक सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

काळ्या रंगाचं वेगळंच प्रकरण आहे. एलसीडीत मागे कायम दिवा जळत असतो आणि पुढचे स्फटिक पडद्यासारखे मिटतात. कितीही मिटले तरी फटीतून उजेड झिरपतो. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. फुल एचडी पॅनलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेत, १९२० गुणिले १०८० आणि त्याचे तीन रंग म्हणजे ६२ लाखांहून जास्त खोल्या. प्रत्येक खोलीत निऑन आणि झेनॉनचं मिश्रण. विजेचा झटका बसला की झेनॉनमधून अतिनील किरण निघतात आणि भिंतीवरच्या लाल, हिरव्या किंवा निळ्या भुकटीला चमकवतात. ट्यूबलाइट असंच चालते, फक्त तिच्यात पारा असतो. तुम्ही टीव्ही बघत नाही, ६२ लाख चिमुकल्या ट्यूबलाइटी बघत असता.

पायोनियरने २००७ मध्ये कुरो नावाची मालिका काढली. जपानीत कुरो म्हणजे काळा. एकदा परिचितांच्या बंगल्यात अंधारात पाहिला. चित्रपट वर-खाली काळ्या पट्ट्यांचा होता आणि पट्ट्या कुठे संपतात, भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. २००९ च्या फेब्रुवारीत कंपनीने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा एका टीव्हीसाठी वाईट वाटून घेतलं होतं, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माजघर

वाचतेय. काळाकुट्ट, पट्ट्या आणि भिंत वाचून हसू आलं. आमच्याकडे तुमच्या त्या अंधारात एक भूत राहतं.

सासूबाई पहाटे साडेपाचला डीटीएचचं भक्तिगीतांचं चॅनेल लावतात. तुम्हाला ठाऊक असेल, नुसती गाणी वाजतात आणि पडद्यावर देवाचं एकच चित्र, खाली सेवेचं नाव. दोन तास चित्र हलत नाही. वर्षभराने निळ्या आभाळाचं दृश्य आलं की खाली त्या नावाची अक्षरं दिसायला लागली. आधी वाटलं काच नीट पुसली गेली नाही. मी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग चष्म्याच्या कापडाने घासली. शेवटी मुलगा म्हणाला, आई, टीव्ही बंद कर आणि बघ. बंद केला तर काच लख्ख. मग उजव्या कोपऱ्यात मालिकांच्या चॅनेलचा लोगोही उमटलेला सापडला. आता क्रिकेट लावा, बातम्या लावा, कोपऱ्यात लोगो आहेच.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, देवाचं नाव उमटलंय, लोगोचं काय घेऊन बसलीस.

यावर उपाय आहे का कुणाकडे?

फुगलेला कपॅसिटर

कोल्हापूर. टीव्ही दुरुस्तीत सव्वीस वर्षं. आयडीवरून धंदा कळला असेलच.

माजघर ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्थिर चित्र तासभर राहिलं आणि चॅनेल बदलल्यावर सावली दिसली, तर ती बहुतेक तात्पुरती. पडदाभर हलतं चित्र चार-सहा तास चालवा, जाते. बऱ्याच सेटांत मेन्यूत पांढरी पट्टी सरकवायची सोय असते, ती त्यासाठीच. वर्षानुवर्षांची सावली मात्र झीज आहे. भुकटी जिथे सारखी जळली तिथे ती थकते आणि आजूबाजूची ताजी राहते. ही फडक्याने जाणार न्हाई आणि पट्टीनेही न्हाई. वरती ब्राइटनेस वाढवून ठेवू नका म्हणजे वाढत न्हाई, एवढंच हातात. नव्या सेटला पहिले शंभर-दोनशे तास जपायला सांगायचे ते यासाठीच. आपल्याकडे दुकानदार घरी सेट लावून व्हिव्हिड, म्हणजे भडक चित्राचा, मोड करून जायचा. ग्राहक खूष, पण सेटाची वाट लागायची.

तळ्यातमळ्यात, तुमच्या लक्षणांवरून पॅनल गेलेलं वाटत न्हाई. रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, लागतो आणि सुटतो (तेच तुमचं 'टक्'), म्हणजे पॉवर सप्लायवर कुठंतरी ओझं पडतंय आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. काही कंपन्यांत लाल दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरनं दोष कळतो. मोजा आणि सांगा.

एक ऐका. लोक विचारतात पॅनल किती वर्षं टिकतं. कंपन्या आधी ६० हजार तास सांगायच्या, नंतर एक लाख. त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी उजेड निम्मा होतो, सेट बंद पडत न्हाई. रोज आठ तास धरले तर ६० हजार तासांना वीस वर्षं लागतात आणि लाख तासांना चौतीस. तुमच्या तीस हजारांत पॅनलचं काय बिघडत न्हाई. माझ्या टेबलावर आलेल्या शंभर प्लाझ्मांत आपोआप मेलेलं पॅनल क्वचित. फुटलेली काच बघितली, उभी रेघ आलेली बघितली. बाकी सगळे बोर्डाचे पेशंट.

सरळमार्गी

बोर्ड म्हणजे मदरबोर्ड का?

फुगलेला कपॅसिटर

न्हाई भावा. मागचं झाकण काढलं की मधे पॉवर सप्लाय दिसतो. एका कडेला वाय बोर्ड, दुसऱ्या कडेला एक्स. एका कंपनीत त्याला झेड म्हणतात. हे दोन्ही पॅनलला साधारण २०० व्होल्टचे ठोके मारत असतात, सेकंदाला हजारो. मेहनत यांचीच, त्यामुळे मरतातही हेच. वाय बोर्डाच्या कडेला उभे बफर असतात, ते पॅनलच्या ओळींना जोडलेले. बफर शॉर्ट झाला आणि बघितल्याशिवाय नुसता वाय नवीन टाकला, तर नवा वायपण पाच मिनिटांत जातो. अशा जोड्या मी स्वतः जाळल्यात सुरुवातीला.

हे वाचून कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, साडेतीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मला एकदा कोपरापर्यंत झटका बसलाय. दोन दिवस चमचा धरता येत नव्हता.

गाबीतवाडा

मालवण. आमच्याकडे किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर घर. प्लाझ्मा पाच वर्षांत गेला. मेकॅनिकने झाकण काढलं तर बोर्डावरचे पाय हिरवे झालेले, कनेक्टरवर बुरशीसारखं काहीतरी. खारं वारं आणि पावसाळ्यात चार महिने घरात ओल. त्यात तो तापतो म्हणून आम्ही खिडकीसमोर लावला होता! वर विजेचा खेळ. व्होल्टेज कधी १७०, कधी २६०. पॅनल लाख तास टिकतं हे ऐकून बरं वाटलं, पण आमच्याकडे लाखाचे बारा हजार झाले. :(

हिशेबी

मी मीटर लावून मोजलंय, फुकट बडबड नाही.

माझा ५० इंची. रात्रीचा अंधारा सिनेमा: १३० वॉटच्या आसपास. क्रिकेट, हिरवं मैदान, दुपारचं ऊन: २७० पर्यंत. पूर्ण पांढरा पडदा आला की वाढायला हवं, तर उलट चित्र थोडं मंद होतं. सेट स्वतःच लगाम लावतो. बर्फातलं दृश्य प्लाझ्मावर थोडं मळकट दिसतं ते यामुळेच, काळाकुट्ट हे सांगायला विसरले.

सरासरी २२० वॉट, रोज पाच तास म्हणजे महिन्याला ३३ युनिट. तळ्यातमळ्यात, तुमच्या भावाचा एलईडी १०० वॉट धरला तर १५ युनिट. फरक १८ युनिटचा. दहा-बारा रुपये दराने महिन्याला दोनशे रुपये. या दोनशेसाठी नवीन टीव्ही घेणाऱ्याने आधी हप्त्याचा हिशेब करावा.

सरळमार्गी

आणि त्या उष्णतेसाठी एसी लागतो तो हिशेब कुठे गेला?

हिशेबी

जळगावला मे महिन्यात टीव्ही बंद ठेवला तरी एसी लागतो साहेब.

बर्फाळ

प्लाझ्मा म्हटलं की मला आवाज आठवतो. लेहला पोस्टिंग असताना मेसमध्ये एक ४२ इंची आला होता, मोठ्या कौतुकाने. लावला तर मधमाश्यांचं पोळं. पांढरं चित्र आलं की गुणगुण वाढायची, काळं आलं की कमी. सगळे म्हणाले, खराब माल पाठवला. खाली पठाणकोटला परत पाठवला तर तिथे बिलकुल आवाज नाही! पुन्हा वर, पुन्हा पोळं. दोन फेऱ्या झाल्यावर एका सिग्नलवाल्या साहेबांनी पुस्तिका वाचली. त्यात उंचीची मर्यादा लिहिलेलीच होती.

कारण त्यांनी समजावलं ते असं. काचेच्या दोन थरांमध्ये वायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाने भरलेला असतो. खाली बाहेरची हवा काचा दाबून धरते. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. काचांवरची पकड सैल होते आणि विजेच्या ठोक्यांबरोबर त्या थरथरतात. आम्ही शेवटी आवाज मोठा करून बघायचो. चित्र मात्र झकास होतं हो. तीस माणसं कोपऱ्या-कोपऱ्यात बसायची आणि सगळ्यांना सारखं दिसायचं.

काळाकुट्ट

बर्फाळ काका, हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर लावायला हवा.

कोपऱ्यातून दिसण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे टीव्ही समोर सोफा असा मामला कमी. एक जण खाटेवर, एक जण स्वयंपाकघराच्या दारात, मुलं जमिनीवर. साध्या एलसीडीत बाजूने बघितलं की रंग धुऊन जातात. प्लाझ्माला बाजू कळतच नाही.

हिशेबींनी मंद होण्याचं काढलंय तर बाकीचेही दोष कबूल करून टाकतो. प्लाझ्माची खोली अर्धवट पेटू शकत नाही. एक तर पेटलेली, नाहीतर विझलेली. मग मधली छटा आणायची कशी? एका चित्राच्या वेळात तिला दहा-बारा वेळा कमी-जास्त काळ पेटवतात आणि डोळा बेरीज करतो. खोक्यावरचं '६०० हर्ट्झ' ते हेच, पन्नास चित्रं गुणिले बारा. या बेरजेमुळे अंधाऱ्या भागात जवळून बघितलं तर मुंग्या वळवळल्यासारखं दिसतं. काळ्यावर पांढरं वेगाने सरकलं की कडेला पिवळट-हिरवी झाक. दुपारी खिडकी उघडी असेल तर पुढच्या काचेत अख्खी गल्ली दिसते. आणि बऱ्याच स्वस्त ४२ इंचींचं रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ होतं, ठिपके आडवे ताणलेले. एवढं असूनही साध्या सेट टॉप बॉक्सचं, एचडी नसलेलं चित्र त्यावर फोर-केपेक्षा सुसह्य दिसायचं. कमी ठिपक्यांचं चित्र कमी ठिपक्यांच्या पडद्यावर कमी ताणावं लागतं. ज्यांच्या घरी अजून मराठी चॅनेलांचा साधा पॅक आहे त्यांनी हे करून बघावं.

अटलांटिकपार

न्यू जर्सी. माझ्याकडे कुरो आहे. 'होता' म्हणायला अजून जीभ वळत नाही.

२००८ च्या दिवाळीत घेतला. दहा वर्षं एकदाही झाकण उघडावं लागलं नाही. गेल्या घरबदलीत सामान हलवणाऱ्यांना तीनदा सांगितलं, उभा न्या. त्यांनी उभाच उचलला, ट्रकमध्ये जागा नव्हती म्हणून वाटेत कधीतरी गादीवर आडवा झोपवला. नव्या घरी खोकं उघडलं तर बाहेरून काही नाही. चालू केला तर डाव्या कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं. एवढी मोठी काच आडवी ठेवली की स्वतःच्या वजनाने लवते आणि रस्त्यातला खड्डा बाकीचं काम करतो.

ओलेड घेतला. छान आहे. लख्ख आहे. पहिल्या महिन्यात मी त्यालाही लोगोची सावली पडते का म्हणून कोपरा न्याहाळत होतो. पडू शकते, त्यात भुकटी नसली तरी झीज असतेच. सवय जात नाही.

जुनं_ते_सोनं

रुमाल टाकून ठेवतो.

अवांतर: प्लाझ्माचा जन्म टीव्हीसाठी झालाच नव्हता हे किती जणांना माहीत आहे? १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो केला, प्लेटो नावाच्या शिकवणाऱ्या संगणकासाठी. एक रंग, नारिंगी, निऑनच्या पाटीसारखा. तेव्हा स्मृती महाग होती आणि या पडद्याचा गुण असा की एकदा पेटवलेला ठिपका पेटलेलाच राहायचा, संगणकाला लक्षात ठेवावं लागायचं नाही. रंगीत ४२ इंची बाजारात यायला १९९७ उजाडलं. त्यानंतर सतरा वर्षांत खेळ खलास. पॅनासॉनिकने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं, सॅमसंग आणि एलजीनेही २०१४ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं.

दुसरं अवांतर: प्लाझ्माशेजारी मीडियम वेव्हचा रेडिओ लावून बघा. आमच्याकडे आजोबांची आकाशवाणी लागायची तेव्हा टीव्ही बंद करायचा हुकूम असायचा. टीव्ही चालू केला की बातम्यांच्या जागी घर्रर्र.

सरळमार्गी

एवढं उत्तम होतं तर बंद का पडलं? लोक मूर्ख होते का?

काळाकुट्ट

दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटींखाली, शंभर टीव्ही शेजारी शेजारी. जो जास्त लख्ख तो खपतो. तिथे प्लाझ्मा मरतुकडा दिसायचा. त्यात विजेचे नियम कडक झाले, एलसीडी पातळ आणि स्वस्त होत गेला, आणि फोर-केसाठी खोल्या आणखी बारीक कराव्या लागल्या असत्या. खोली बारीक झाली की उजेड कमी आणि वीज जास्त. तिथे गाडी अडली. माणसं मूर्ख नव्हती, पण टीव्ही जिथे निवडला आणि जिथे बघितला त्या दोन जागांत उजेडाचा फार फरक होता.

तळ्यातमळ्यात

मंडळी, एवढे प्रतिसाद! बाबांना वाचून दाखवले. शेपटीचं कारण ऐकून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही.

कपॅसिटर दादा, दिवा मोजला. सात वेळा लुकलुकतो, थांबतो, परत सात.

फुगलेला कपॅसिटर

कंपनी कोणती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि नाशकात जुना माणूस शोधा, ज्याच्या दुकानात अजून पिक्चर ट्यूबचा सेट पडलेला दिसेल असा. चकाचक काउंटर असेल तिथं जाऊ नका. त्याला सांगा, दोन्ही सस्टेन बोर्ड, म्हणजे ते वाय आणि एक्स, वेगळे करून मीटरवर शॉर्ट बघ, बफर सोडून बघ. बोर्ड मिळाला तर पॅनलच्या मागे कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर त्या पॅनलचे व्होल्टेज लिहिलेले असतात. बोर्ड टाकल्यावर त्या आकड्यांना जुळवायचे. चिठ्ठी फाडली असेल तर त्याला नमस्कार करून परत या.

तळ्यातमळ्यात

आठ दिवसांनी अपडेट.

पंचवटीत एक काका सापडले. दुकानात खरोखर तीन पिक्चर ट्यूब होत्या, एकीवर मांजर. घरी आले, आम्ही दोघांनी सेट गादीवर तोंडावर पालथा घालायला घेतला तर ओरडले. (अटलांटिकपार, तुमची आठवण झाली.) भिंतीला टेकवून उभाच ठेवला. झाकणाचे तीस-एक स्क्रू, प्रत्येक वेगळ्या लांबीचा, ते एका थर्माकोलवर झाकणाच्या आकारात टोचून ठेवले. आत चौदा वर्षांची धूळ, पंख्यांच्या पात्यांवर तर गोधडी. एक पाल होती, सुकलेली. आई बाहेर गेली.

मीटर लावला तर वाय बोर्डावर शॉर्ट. एक काळा चौकोनी भाग, हीटसिंकला, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीला, लावलेला, त्याच्या कडेला तपकिरी डाग. काका तिथे नाक नेऊन म्हणाले, "वास बघ. हा गेल्या दिवाळीपासून तापतोय." बफर चांगले निघाले. पॉवर सप्लायवरचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, दादा, तुमचे नातेवाईक, ते बदलले. वाय बोर्ड मात्र लवकर मिळेना. शेवटी काकांच्या ओळखीतून मालेगावहून आला, काच फुटलेल्या त्याच मॉडेलच्या सेटातला. बोर्डाचे ३८०० आणि मजुरी ८००. चिठ्ठी शाबूत होती. त्यावरचे आकडे काकांनी भिंग लावून वाचले आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने एकेक फिरवत जुळवले. मी टॉर्च धरली होती. अख्ख्या दुरुस्तीत माझं योगदान तेवढंच.

काल संध्याकाळी सहाला चालू झाला. बाबांनी मॅचची जुनी रेकॉर्डिंग लावली, दिवे घालवले आणि कुणाला बोलू दिलं नाही.

एकच झालं. माजघर, तुमचं वाचल्यापासून मी कोपरा बघत होतो. आमच्याकडेही आहे. वर उजवीकडे बातम्यांच्या चॅनेलचा लोगो आणि खाली पट्टीची पुसट रेघ. इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बाबांना दाखवली नाही, आणि तुम्हीही कृपया हा धागा त्यांच्या ओळखीच्या कुणाला पाठवू नका.

माजघर

गुपित राहील. :) पण बातम्यांची पट्टी असली तर ती झूम करून कडेबाहेर घालवता येते असं मुलगा म्हणतो. सासूबाईंच्या देवाला तो उपाय चालत नाही.

हिशेबी

४६०० भागिले महिन्याला... राहू दे.

सरळमार्गी

अभिनंदन. मी माझं बैलाचं विधान मागे घेत नाही, पण पुढच्या वेळी नाशकात आलो की अंधारात बघायला येईन.

फुगलेला कपॅसिटर

झ्याक. आता दोन कामं करा. मागे चार बोटं तरी जागा सोडा आणि वर्षातनं एकदा व्हॅक्यूमने जाळ्या साफ करून घ्या. स्टॅबिलायझर लावला नसेल तर लावा.

आणि जुना वाय बोर्ड काकांनी टाकून दिला असेल तर कचऱ्यातनं काढा. त्यावरचे बाकीचे भाग चांगले असतात. माझ्याकडं इचलकरंजीचा असाच एक सेट तीन महिने पडून आहे. कुरियरचे पैसे मी देतो.

तळ्यातमळ्यात

टाकला नव्हता, आईने देवळीत ठेवला होता. पत्ता व्यनि करा, सोमवारी पाठवतो.